बाईंचा अर्धा गुडघा

बाईंकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला गाव, आडनाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. दारातच उभं करून एक प्रश्न केला, "अंघोळीला पाणी किती लागतं?"

"एक बादली," मी म्हटलं.

"दहापैकी चार. अर्ध्या बादलीत भागवलंस तर सात देईन."

मी जन्माची काळजीखोर. मला वाटलं, खोली हातची गेली, आता लातुरात कुठं शोधत फिरायचं. तोंड पाडून मी पायरी उतरायला लागले तर मागून किल्ल्यांचा आवाज आला. चार मार्कांवर पास करायची बाईंची पद्धत होती, हे मला नंतर कळलं. नापास त्या सहसा कुणाला करत नसत. पण कमी मार्क मिळाले आहेत हे मात्र त्या माणसाला तोंडावर सांगत.

बाई जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीत. शाळा सुटली तरी मार्क देणं सुटलं नव्हतं. चहाला मार्क, एसटीच्या ड्रायव्हरला मार्क, रविवारी विहारात वंदना झाल्यावर भाषण करणाऱ्या पाहुण्याला तर तिथल्या तिथे मार्क. एकदा एका पाहुण्यानं हसत हसत विचारलं, "किती मिळाले, बाई?" त्यावर त्या म्हणाल्या, "आवाजाला आठ. मुद्द्याचं विचारू नका."

मी नांदेडजवळच्या अर्धापूरची. जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून लागले आणि बदली होऊन लातूरला आले, ते नेमके दुष्काळाचे दिवस. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्यातच ऑफिसात रोज नवीन जिल्ह्याची हूल उठायची. उदगीर जिल्हा होणार, निम्मे लोक तिकडे जाणार, यादी तयार झाली आहे, असं जो तो सांगायचा. माझी जेवणावरची वासना उडालेली. मी घरी येऊन बाईंपुढे रडगाणं लावलं की त्या म्हणायच्या, "अगं, उस्मानाबादचं लातूर वेगळं झालं तवाबी असंच सगळे घाबरले होते. मी तवा नवीन मास्तरीण. जिल्हा निम्मा केला म्हणून माणूस काय निम्मा होतोय? आन् पाणी काय दुप्पट होतंय?"

पाण्यावरच्या बाईंच्या भक्तीला मात्र तोड नव्हती. आमच्या गल्लीत नळ आठवड्या-पंधरवड्यानं यायचा आणि आला तरी त्याला जोर नसायचा. जमिनीच्या वर पाणी चढतच नसे. म्हणून घरोघरी दारापुढं खड्डा केलेला. कमरेएवढ्या खड्ड्यात उतरायचं, तळाशी पाइप कापून ठेवलेला असायचा त्याच्यापुढे उकिडवं बसायचं, चरवी धरायची, ती भरली की घागरीत ओतायची, आणि घागर भरली की ती उचलून वर काठावर ठेवायची. ज्यांना हे नको होतं त्यांनी नळाला चोरून मोटर लावलेली. बाईंनी लावली नाही. "मोटर लावायची म्हंजी शेजारणीच्या चरवीतलं वडून घ्यायचं," असं त्या म्हणत, आणि मोटर लावणाऱ्याला शून्य मार्क देत. शून्य मी त्यांच्या तोंडून फक्त तेवढ्यासाठीच ऐकलं.

त्यांच्या ओसरीत रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. जुन्या शाळेची घंटा. इलेक्ट्रिकची घंटा आली तेव्हा ही भंगारात निघाली होती, ती बाईंनी घरी आणली. नळाला पाणी सुटलं की बाई रुळावर टोल द्यायच्या. दुपार असो, पहाट असो, अख्खी गल्ली त्या टोलावर भांडी घेऊन पळायची. मग बाई पदर खोचून आपल्या खड्ड्यात उतरायच्या. कुणी मदतीला आलं तर हाकलून लावायच्या.

आणखी एक विचित्रपणा होता. कुठंही जायचं तर खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला. लग्नाला गेल्या तरी पाणी घरचं. माझ्या खोलीत आल्या, मी तांब्या पुढे केला, की "ठेव तिथं" म्हणायच्या आणि जाईपर्यंत शिवायच्या नाहीत. चहा प्यायच्या, भाकरी खायच्या, आमच्याकडून आलेली केळी तर आवडीनं खायच्या. पाणी तेवढं नाही. मी पहिले काही महिने मनातल्या मनात कुढत राहिले. माझा तांब्या नीट घासलेला नसतो की काय, म्हणून दोनदा घासायला लागले. शेवटी समजूत काढली की म्हातारपणी माणसं अशी होतातच.

गुडघा उजवा. मी राहायला आले तेव्हाच बाई जिना चढताना कठड्याला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून चढायच्या. विचारलं की सांगायच्या, "बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर, खडी केंद्रावर होते मी. सकाळपासनं उकिडवं बसून खडी फोडायची, सुकडी खायची आन् संध्याकाळी कंदिलाखाली अभ्यास करायचा. गुडघा तिथंच गेला, पेन्शन मला मिळाली." शेवटी त्यांना रात्री कूस बदलणंही मुश्कील झालं. मुलानं पुण्याहून फोनवर फोन केले आणि मी त्यांना लातूरच्या एका हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उघडून दाखवला. गुडघ्याचे तीन भाग असतात, आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. बाईंचा आतला भाग पार झिजलेला, हाडाला हाड लागलेलं. बाहेरचा आणि वाटीमागचा मात्र ठीक. आता रस्ते दोन. पूर्ण गुडघा बदलायचा, किंवा जो भाग गेला तेवढाच बदलायचा. अर्ध्याच्या ऑपरेशनमधून माणूस लवकर उठतो, पाय आपला वाटतो. पण उरलेले भाग पुढे खराब झाले तर पुन्हा करावं लागतं. पूर्ण बदलला की तो प्रश्न मिटतो, पण ऑपरेशन मोठं. मी घाबरून वहीत सगळं लिहून घेत होते. बाईंनी दोन मिनिटांत निकाल दिला.

"तीन विषयांत एकात नापास झालं तर मी पोरीला अख्खं वर्ष बसवत नव्हते. त्या एकाच विषयाची परीक्षा परत घ्यायची. आतला तेवढा बदला."

ऑपरेशन झालं. बाईंना रक्तातल्या साखरेचा त्रास, जखम भरते की नाही या काळजीनं मी आठ दिवस नीट जेवले नाही. पण जखम छान भरली. डॉक्टरांनी निघताना बजावलं, "खाली बसायचं नाही, उकिडवं तर अजिबात नाही. वजन उचलायचं नाही." मुलानं पलीकडच्या गल्लीतली एक मावशी पाणी भरायला ठेवून दिली. बाई काठी टेकत ओसरीत यायच्या, टोल द्यायच्या आणि खुर्चीत बसायच्या. मावशी खड्ड्यात उतरायची. मी ऑफिसात निर्धास्त असायची. निर्धास्त म्हणजे माझ्या मानानं.

पहिले दोनेक महिने बाई खूश होत्या. डॉक्टरच्या हाताला नऊ मार्क दिले. पावसाळा आला तसा कोरडाच गेला, आणि दसऱ्याच्या सुमाराला गुडघा परत दुखायला लागला. आतल्याच बाजूला, सांध्याच्या जरा खाली. खुर्चीतून उठताना बाई ओठ दाबून धरायच्या. दिवाळीला मुलगा येऊन गेला, त्याच्यासमोर ताठ चालल्या आणि तो गेल्यावर संध्याकाळभर पाय पसरून पडून राहिल्या. डॉक्टरकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक्स-रे झाला, रक्त तपासलं. बसवलेला भाग जागेवर होता, जंतू नव्हते. गोळ्या बदलल्या, शेक दिला, व्यायाम झाले. काही उपयोग झाला नाही.

"कधी कधी अर्ध्याचं असं होतं," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण करून टाकू. पुढल्या महिन्यातली तारीख देतो. पाण्याची मात्र टंचाई आहे, तेवढे दिवस पाण्याची सोय घरून करा."

दवाखान्यात पाणी नाही आणि हे गुडघा दुसऱ्यांदा उघडणार! घरी आल्यावर मी म्हटलं, "बाई, अजून एका डॉक्टरला दाखवू या. नांदेडला माझ्या ओळखीचे एक आहेत."

"कशाला? ह्याच्या हाताला नऊ हायत."

"आणि कानाला?"

बाईंनी थोडा विचार केला. "कानाला तीन," त्या म्हणाल्या. "ऐकून घेत न्हाई ते." म्हणून नांदेडला यायला कबूल झाल्या.

नांदेडला जायच्या दोनच दिवस आधी मला ऑफिसात कणकण वाटायला लागली म्हणून दुपारीच घरी निघाले. गल्लीत शिरले तर टोल कधीच होऊन गेला होता, घरोघरी पाणी भरणं चाललेलं. आमच्या दारात पोचेपर्यंत मावशी दोन बादल्या आत ठेवून घरी निघालेली दिसली. मी म्हटलं, "एवढ्यात झालं?"

"वापरायचं भरलं की मी," ती म्हणाली. "प्यायचं बाई भरत्यात. मला थांबूच देत न्हाईत."

मी पुढे झाले. खड्ड्याच्या काठावर काठी आडवी ठेवलेली होती आणि खाली बाई होत्या. ऑपरेशन झालेला पाय दुमडून उकिडव्या बसलेल्या, चरवीनं घागर भरत होत्या. घागर भरली तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी मांडीवर घेतली, त्या उजव्याच पायावर जोर देऊन उठल्या आणि काठावर ठेवली. तेव्हा त्यांचं तोंड मला दिसलं. दुखण्यानं डोळे गच्च मिटलेले होते. उघडले तर समोर मी.

"काय करायलात हो तुम्ही, बाई?" माझ्या तोंडून आमच्या नांदेडकडचंच बाहेर पडलं.

"घागर आत नेऊन ठेव," बाई म्हणाल्या. "न्हाई, राहू दे. मीच ठेवते." आणि त्यांनी मला घागरीला हात लावू दिला नाही.

त्या दोन दिवसांत मी खूपदा विषय काढला. बाईंनी दरवेळी पेपर तोंडासमोर धरला. एकदाच म्हणाल्या, "हे डॉक्टरला सांगायचं न्हाई." नांदेडच्या बसमध्ये वाटभर माझं तेच चाललं होतं. सांगितलं तर बाई दुखावणार. नाही सांगितलं तर ज्या दुखण्याचं कारण डॉक्टरला माहीतच नाही त्यासाठी ते पुन्हा गुडघा उघडणार, आणि दुखणं तिथंच राहणार. उरलेला चांगला भागही जाणार, आणि या वयात, त्या साखरेवर, जखम चिघळली तर पायच जायचा. बाहेर वाळलेली रानं जात होती आणि माझ्या डोळ्यांसमोर बाईंचा कापलेला पाय दिसत होता. काळजीच्या बाबतीत मला बाईंनी नेहमीच दहापैकी दहा दिले असते.

नांदेडचे डॉक्टर वयस्क होते. एक्स-रे बघितले, बाईंना चालायला लावलं, मग सांध्याखाली एका जागी अंगठ्यानं दाबलं. बाई कळवळल्या. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, दिवसभर काय काय करता?"

"काही न्हाई. वाचत बसते."

"खाली बसणं? वजन उचलणं?"

"न्हाई."

डॉक्टर लिहायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या खड्ड्यात उतरतात."

मग मी सगळं सांगितलं. खड्डा, चरवी, घागर, उजव्या पायावर जोर देऊन उठणं. बाई समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मग आता उघडायची घाई नको," ते म्हणाले. "बसवलेला भाग पक्का दिसतोय. त्याच्याखालच्या हाडावर आणि शिरांवर दर वेळी ताण पडतोय, तेच दुखत असणार. कारण सापडल्याशिवाय दुसरं ऑपरेशन केलं तर दुखणं तसंच राहायची भीती असते. तीन महिने खड्डा बंद, घागर बंद. मग परत फोटो काढू. तरी दुखलं, भाग ढिला झालाय असं दिसलं, तर पूर्ण बदलायचा. तेव्हा मी नाही म्हणणार नाही." मग बाईंकडे वळून म्हणाले, "पण घागर उचलत राहिलात तर अर्धाही टिकणार नाही आणि पूर्ण बसवला तरी तो टिकणार नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ह्यांना किती?" बाई काठी टेकत स्टँडच्या वाटेला लागल्या. बस लोह्याला थांबली तरी मार्क आले नाहीत. दुपारचं ऊन खिडकीतून थेट अंगावर येत होतं. बाईंची बाटली संपली होती. त्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या. मी माझी बाटली उघडून पुढे धरली. त्यांनी मान फिरवली. अहमदपूर जवळ आलं तसं मला राहवेना.

"बाई, मी चहाडी केली म्हणून राग आहे ना? रागवा. पण पाणी प्या. चक्कर येऊन पडाल इथं."

"राग न्हाई," बाई म्हणाल्या. आणि परत म्हणाल्या, "राग न्हाई गं तुझा."

आणि मग खिडकीबाहेर बघतच त्यांनी सांगितलं. औशाजवळचं त्यांचं खेडं. गावाची विहीर, पण ह्यांच्या वस्तीनं तिला शिवायचं नाही. आई घागर घेऊन बाजूला उकिडवी बसून राहायची. पाण्याला आलेल्या बायांपैकी कुणाला दया आली तर ती वरून ओतायची, भांड्याला भांडं लागू न देता. आईला तहान लागली तर ओंजळ धरायची. "मी आईच्या लुगड्याला धरून उभी असायची. एकदा एकीनं मुद्दाम लई वरून वतलं. आईच्या नाकातोंडात पाणी गेलं. ती ठसकली. काठावरच्या सगळ्या हसल्या. आई बी हसली, काय करती." छप्पन सालानंतर वस्तीनं दीक्षा घेतली आणि पुढे चार वर्षं खपून स्वतःची विहीर खोदली. पहिलं पाणी लागलं त्या दिवशी आईनं स्वतः पोहरा ओढला. मुलीला जवळ घेऊन म्हणाली, आता आपलं पाणी आपल्या हातानं, कुणी दिलं तर घ्यायचं न्हाई.

"आई गेली. मी शब्द पाळला," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात असताना बी पेला माझा मीच भरून घेतला, नर्सबाई ओरडायची. आता डॉक्टर म्हणतोय, तीन महिने खड्डा बंद. मग प्यायचं काय?"

"मी भरून देईन."

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तुझ्या घरी विहीर हाय न्हवं? केळीला पाणी देत्यात ती?"

"आहे."

"तिच्यावर कामाला येणाऱ्या बाया कशा प्यायच्या?"

मला खोटं बोलता आलं नाही. आमच्या मळ्यावर वरूनच ओतायचे. मी लहान असताना रोज बघितलेलं. मी तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि लातूर येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. मला वाटत होतं, हे आता संपलं. लातूरच्या डॉक्टरची तारीख आहेच, बाई तिथं जाणार, पूर्ण गुडघा बसवून घेणार आणि पुन्हा खड्ड्यात उतरणार. कुणाच्या हातचं पाणी पिण्यापेक्षा त्यांना ते सोपं होतं. कसं समजवायचं ते मला कळत नव्हतं, आणि समजवायचा हक्क आपल्याला आहे का, तेही कळत नव्हतं.

पुढे बरेच दिवस नळच आला नाही. प्यायच्या घागरी एकेक करून रिकाम्या झाल्या. शेवटची उरली तेव्हा बाई अर्धा पेला पिऊन अर्धा झाकून ठेवायला लागल्या. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. मुलगा रोज फोनवर विचारायचा, "आई, काय ठरलं?" आणि आई म्हणायची, "बघू."

एका रविवारी दुपारी मी वर केस विंचरत होते आणि टोल झाला. मी तशीच खाली पळाले. बाई पदर खोचून काठावर आल्या होत्या, काठी बाजूला टाकत होत्या. मी त्यांच्या पुढून खड्ड्यात उडी मारली.

"वर ये," बाई म्हणाल्या.

"नाही येत."

"मी काय म्हणते, वर ये आधी." हा आवाज शाळेचा होता. त्या आवाजाला मोठमोठ्या बाया अजून उठून उभ्या राहायच्या. पण मी चरवी पाइपखाली धरली. ती भरली. मी ती वर केली. बाईंनी हात पुढे केला नाही. चरवी वर धरून मी उभी, पाइपातून पाणी चिखलात चाललेलं, आणि बाई त्या पाण्याकडे बघताहेत. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"पाणी वाया चाललंय की गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चरवी माझ्या हातून घेतली.

मग आम्ही दोघींनी घागरी भरल्या. मी खालून चरवी द्यायची, त्यांनी काठावर उभं राहून ती घागरीत ओतायची. भरलेली घागर मी बाहेर येऊन आत नेऊन ठेवायची आणि पुन्हा खाली उतरायचं. शेवटी पाइपानं हवा सोडली आणि पाणी थांबलं. मी घामानं निथळत होते, घसा कोरडा पडला होता. बाई वरून माझ्याकडे बघत होत्या. हातात शेवटची भरलेली चरवी.

"तहान लागली?"

"हो."

"ओंजळ धर."

मी तळहात जोडून वर केले. बाईंनी उभ्या उभ्या, हात उंच ठेवून पाणी ओतलं. धार हातांवर आदळून अर्धी कोपरांवरून ओघळली. मी तोंड पुढे केलं आणि पाणी नाकात गेलं. मला जोराचा ठसका लागला, मी खालीच बसले. डोळ्यांत पाणी आलं, श्वास सापडेना. वर बघितलं तर बाईंनी चरवी खाली ठेवली होती. त्यांचं तोंड कावरंबावरं झालेलं. खड्ड्यात वाकून त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवायचा प्रयत्न केला, तो पोचला नाही.

"असंच व्हायचं तिला," त्या म्हणाल्या. "ये. ये वर."

मी वर आले. बाई खुर्चीत बसल्या होत्या. मला काय वाटलं सांगता येणार नाही, पण मी आत गेले, त्यांचा स्टीलचा पेला घेतला, नुकत्याच भरलेल्या घागरीत बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला. हात ओले, नाक अजून चुरचुरत होतं. बाईंनी पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. पेला घेतला, तोंडाला लावला आणि न थांबता सगळा प्यायल्या.

"मचूळ हाय," त्या म्हणाल्या.

पदरानं तोंड पुसून त्यांनी फोन मागितला. लातूरच्या डॉक्टरला त्यांनी स्वतःच सांगितलं की तारीख नको, पेपर दुसरीकडे फेरतपासणीला दिलाय.

तीन महिन्यांनी नांदेडला फोटो काढला. भाग घट्ट होता. तोवर लातूरचे नळ पार बंद झाले होते, टँकर यायला लागले होते, आणि टँकरच्या रांगेत बाईंच्या घागरी घेऊन मी आणि मावशी आळीपाळीनं उभ्या राहत होतो. दुखणं बारा आणे गेलं. चार आणे राहिलं ते अजूनही आहे. बाई म्हणतात ते डॉक्टरचं नाही, बहात्तरचं आहे. नांदेडच्या डॉक्टरांच्या कानाला दहा मिळाले. दहा मी पहिल्यांदाच ऐकले.

उदगीरचा जिल्हा अजून व्हायचाच आहे. माझी बदली मात्र झाली, बिलोलीला. लातूरला कधी गेले की मी बाईंकडे उतरते, आणि वाटेत चाकूरपासूनच मला काळजी लागते, बाई कशा असतील, पाय कसा असेल. दारात पोचते तर त्या ओसरीत खुर्चीवर पेपर वाचत असतात. मी चप्पल काढत असते तेवढ्यात, मान वर न करता म्हणतात, "आलीस? पाणी आण गं प्यायला."